दाजीपूर, विजयदुर्ग, मालवण, मोले: आठ दिवसांत जंगल आणि किल्ले कसे बसवावेत?

टीपकागद
मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

भाऊबीज आटोपली की दुसऱ्या दिवशी पुण्याहून निघायचं आहे. हातात आठ दिवस, गाडी घरची. माणसं चार: मी, बायको, नववीतली लेक आणि आई. आईचं वय एकाहत्तर. गुडघे कुरकुरतात, पण "तू घरी थांब" म्हटलं तर त्यांच्यापेक्षा जास्त तीच कुरकुरते. लेकीला जंगल आणि प्राणी हवेत, मला किल्ले. बायकोची एकच अट आहे, रोज सकाळी बॅगा भरायला लावायच्या नाहीत.

माझी यादी: कास, वासोटा, चांदोली, पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा, विजयदुर्ग, देवगड, सिंधुदुर्ग, आंबोली, दूधसागर, तांबडी सुर्ला आणि येताना जमलं तर रायगड. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

यातलं काय गाळू?

-----

खडखडगाडी
मंगळवार, रात्री ११:०५

अहो, ही सहलीची यादी आहे की मतदारयादी?

पहिली काट कासवर मारा. दिवाळीनंतर तिथे फुलं नसतात, वाळकं गवत असतं. दुसरी रायगडावर. तो "येताना जमलं तर" करायचा गड नाही. बाकीचं जाणकार सांगतील. (वाचनखूण साठवली, मलाही जायचंय.)

-----

कारवीचं_फूल
बुधवार, सकाळी ७:१८

वासोट्याबद्दल लिहिते, कारण मागच्या जानेवारीतच जाऊन आले.

बामणोलीला वनखात्याची परवानगी काढायची आणि तिथूनच बोट ठरवायची. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं पाणी, ओलांडायलाच दीड तास जातो. पलीकडे मेट इंदवलीला वनखात्याची चौकी आहे. तिथल्या दादांनी आमच्या सॅक उघडायला लावल्या. बिस्किटांचे पुडे किती, वेफर्स किती, पाण्याच्या बाटल्या किती, सगळं वहीत टिपलं आणि अनामत ठेवून घेतली. उतरल्यावर रिकामी पाकिटं मोजून दाखवायची. आमचा चिक्कीचा एक कागद कमी भरला. मैत्रिणीने पँटच्या खिशातून काढला तेव्हा दादा हसले, पण तोवर वही मिटली नव्हती. मला हे फार आवडलं.

वाट दाट झाडीतून, आधी सपाट आणि मग अंगावर येणारी. वर जायला अडीच-तीन तास. गडावर मुक्काम करता येत नाही, उजेड आहे तोवर बोटीत बसावंच लागतं. बाबूकड्याच्या टोकावर उभं राहिलं की समोर खाली कोकण, आणि पोटात गोळा. ताई तेलिणीने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांना झुंजवलं तो हाच किल्ला. १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला तेव्हा पेशव्यांनी पकडलेले दोन इंग्रज अधिकारी इथेच कैदेत होते. इतक्या आडरानात कैद्याला ठेवलं तर पहाऱ्याची गरजच काय, असं चढताना वाटत होतं.

थोडक्यात, आईंना घेऊन अजिबात नको. त्या बामणोलीच्या धक्क्यावर दिवसभर बसून काय करतील?

चांदोलीही सोडा. आहे सुरेखच. २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्याला जोडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. पण वाट वाकडी करून वारणेच्या खोऱ्यात शिरायचं आणि तसंच माघारी यायचं, यात तुमचे दोन दिवस जातील.

-----

घाटवाट
बुधवार, दुपारी १:३०

टीपकागद, तुम्ही ठिकाणं मोजताय. मी तुमच्या जागी असतो तर वाट मोजली असती.

आपल्याकडे जंगल आणि किल्ला या दोन वेगळ्या सहली नाहीतच. माल बंदरात उतरायचा, होड्यांतून खाडीने आत यायचा, जिथे होडी टेकेल तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जायचा. बंदराच्या तोंडावर एक किल्ला, खाडीच्या आत पेठ, घाटमाथ्यावर दुसरा किल्ला, आणि मध्ये जकात. गाडीरस्ते आले, वाटा मोडल्या आणि घाटमाथ्यावर जंगल तेवढं उरलं. आज आपण त्याला अभयारण्य म्हणतो आणि तिकीट काढून आत जातो.

म्हणून एकच जुनी वाट धरा. तुमच्या यादीत ती आपोआप आली आहे, तुमच्या लक्षात आलेलं नाही एवढंच. विजयदुर्गाच्या खाडीने आत गेलं की खारेपाटण. आज महामार्गावरचं एक गाव, एके काळी नावाजलेली पेठ. शिलाहार रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट इथे सापडला. खारेपाटणहून वर चढलं की गगनबावडा, त्यापुढे कोल्हापूर आणि पन्हाळा. विजयदुर्ग, म्हणजे जुनी घेरिया, बांधला शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने आणि पन्हाळाही त्याचाच. एकाच मालकाची दोन टोकं. हे कळलं की नकाशा एकदम बोलायला लागतो.

जंगलासाठी त्याच्याच शेजारचा फोंडा घाट घ्या. माथ्यावर दाजीपूर, म्हणजेच राधानगरी अभयारण्य. १९५८ पासूनचं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं, ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा यादीत घेतल्या, त्यात महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. म्हणजे तुमचा युनेस्कोचा किडाही शांत होईल. पावसाळ्यात बंद असतं. उघडलंय का आणि आठवड्याची सुट्टी कधी, ते निघायच्या आधी फोन करून विचारा.

मुक्काम: दाजीपूर-राधानगरी दोन रात्री, विजयदुर्ग एक, मालवण दोन, दूधसागरसाठी मोले दोन. बॅगा चारदा भरायच्या. वहिनींना सांगा, याहून कमी जमत नाही.

-----

खडखडगाडी
बुधवार, दुपारी २:११

घाटवाट, +१. पण विजयदुर्गाचं सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं राहिलं. हेलियमचा शोध तिथे लागला! १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने किल्ल्यावरून दुर्बीण लावली होती. त्याचे ओटे अजून आहेत. लेकीला नक्की दाखवा.

-----

नळकांडी
बुधवार, संध्याकाळी ६:४०

ओटे आहेत, मान्य. "साहेबाचे ओटे" म्हणूनच दाखवतात. पण साहेब तिथे नव्हता हो.

त्या ग्रहणाचा पट्टा विजापूर-गुंटूरवरून गेला हे खरं. जान्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गुंटूरला बसून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट बघत होता. लॉकयर त्या वेळी इंग्लंडात होता. ग्रहण नसतानाही या ज्वाळा वर्णपटदर्शकातून पाहता येतात हे त्याने २० ऑक्टोबर १८६८ ला तिथूनच दाखवलं. पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसेना, तेव्हा हे नवं मूलद्रव्य असावं असा तर्क निघाला. पृथ्वीवर हेलियम हाताशी आला तो १८९५ मध्ये, रॅम्झीच्या प्रयोगशाळेत, एका खनिजातून.

विजयदुर्गावर कुणी दुर्बीण लावली असेलही. पण नववीतल्या मुलीला "हेलियम इथे सापडला" असं सांगू नका, शाळेत भांडण होईल.

-----

खडखडगाडी
बुधवार, संध्याकाळी ६:५८

वीस वर्षं मी पाहुण्यांना हेच सांगत आलोय. आता कुणाकुणाला फोन करू?

-----

घाटवाट
बुधवार, रात्री ८:२०

:) हेलियम सोडला तरी विजयदुर्ग रिकामा होत नाही. तिहेरी तट. समुद्राच्या बाजूला पाण्याखालची भिंत, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिचा अभ्यास केलाय. आणि फेब्रुवारी १७५६. तुळाजी आंग्र्यांचं आरमार इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हने याच खाडीत जाळलं, आणि पेशवे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूला होते. आपलं आरमार आपणच जाळू दिलं. तटावर बसून हे आठवलं की चहा कडू लागतो.

गिर्ये गावात रामेश्वराचं देऊळ बघा. कातळ खोदून काढलेल्या वाटेने खाली उतरायचं. तिथली घंटा पोर्तुगीज जहाजावरची असल्याचं सांगतात. आणि खाडीकाठी मराठ्यांची गोदी, जहाजं दुरुस्तीला ओढून घ्यायची जागा. फार कुणी तिकडे फिरकत नाही.

-----

वायंगणकार
गुरुवार, सकाळी ९:०३

रे बाबा, दिवाळीत मालवणात गाडी लावूक जागा गावली तर सांग, तुझो सत्कार करतंय.

आता नीट मराठीत. सिंधुदुर्गाची होडी सकाळी पहिलीच पकडा. दहानंतर रांग जेटी सोडून रस्त्यावर येते. चढता-उतरताना लाटेवर होडी हलते, आईंना दोन्ही बाजूंनी धरायला माणसं हवीत. किल्ल्याच्या आत मात्र चालणं सोपं आहे, चढ फारसा नाही.

होडीत बसल्यावर लेकीला सांगा, दरवाजा शोध. जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तट वळवून दोन बुरुजांच्या कुशीत लपवलाय. आत शिवराजेश्वराचं देऊळ, राजाराम महाराजांनी बांधलेलं. चुन्यात उमटलेला शिवाजी महाराजांचा हात आणि पाय. आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत तीन गोड्या विहिरी: दूधबाव, साखरबाव, दहीबाव. तटाच्या पायाचे दगड शिसं ओतून बसवलेत.

त्याआधी किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा बघा. २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याची मुहूर्ताची पूजा झाली ती तिथे. एक खडक, त्यावर कोरलेले चंद्र-सूर्य आणि शिवलिंग. लोक शेजारून सेल्फी काढत जातात, त्यांना पत्ता नसतो.

जेवायला मोठी पाटी बघून जाऊ नका. घरगुती खाणावळ विचारा, सकाळीच सांगून ठेवा, दुपारी तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि सोलकढी मिळेल.

-----

केळबाई
गुरुवार, दुपारी ४:४७

आमच्या गोव्याबद्दल मी बोलते, मी त्याच बाजूची.

दूधसागर मोल्याच्या जंगलात आहे. भगवान महावीर अभयारण्य २४० चौरस किलोमीटर, त्यातलं १०७ राष्ट्रीय उद्यान. धबधबा साधारण ३१० मीटर. कुळेहून वनखात्याच्या नोंदीतल्या जीपनेच जायचं, स्वतःची गाडी नेता येत नाही. पावसाळ्यात जीप बंद, नंतर ओढे उतरले की सुरू. नोव्हेंबर चांगला, पाणी भरपूर आणि रस्ता चालू. जीपने ओढ्यातून जाताना पाय वर घ्या, हे मजेत सांगत नाही. शेवटी दगडांवरून थोडं चालावं लागतं, ते आईंना जमेल असं वाटत नाही. खाऊच्या पिशव्या बाहेर काढू नका, माकडं हातातून नेतात.

रुळांवरून चालत जायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका. रेल्वेने बंदी घातलीय आणि पकडतात. तोच तो कॅसलरॉक ते कुळे घाट. इथे दुसरा रूळ टाकायचा घाट घातला होता. वीजवाहिनी आणि रुंद महामार्ग धरून तीन प्रकल्प, सगळे याच जंगलातून. २०२० मध्ये पोरं मेणबत्त्या घेऊन बसली, चित्रकार आणि शास्त्रज्ञ उतरले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुळाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. जीपमधून बाहेर बघाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या.

आईंसाठी तांबडी सुर्ला. गाडी जवळ जाते, चालणं थोडं, सावलीतलं. कदंब राजांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, बाराव्या-तेराव्या शतकातलं. गोव्यातली त्या काळातली बाकीची देवळं गेली, हे जंगलामुळे वाचलं. पूर्वेकडे तोंड आहे, सकाळी लवकर जा. काळा दगड आपल्याकडच्या जांभ्यासारखा नाही, घाटावरून आणला असं म्हणतात. म्हणजे घाटवाट म्हणतात तीच गोष्ट, उलट्या दिशेने.

-----

टीपकागद
गुरुवार, रात्री ११:३०

मंडळी, साष्टांग नमस्कार. बायकोने घाटवाट यांचा प्रतिसाद वाचून "चारदा चालेल" असा निकाल दिलाय. कास, वासोटा, चांदोली, आंबोली, रायगड गाळले. पन्हाळाही गाळला, रात्रभर झोप लागली नाही.

लेकीचा प्रश्न: वाघ दिसेल का?

-----

कारवीचं_फूल
शुक्रवार, सकाळी ६:५५

वाघाच्या आशेने कुठल्याच जंगलात जाऊ नये, दाजीपुरात तर नाहीच. गवा दिसला तर नशीब. शेकरू दिसण्याची शक्यता जास्त, मान वर ठेवायला सांगा. भडक कपडे, अत्तर, ब्लूटूथचा स्पीकर, तिन्ही घरी.

-----

टीपकागद
पाच आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:१५

आलो. खरं तर महिना झाला येऊन, लिहायचं राहिलं. "वृत्तांत कुठाय" म्हणून व्यक्तिगत निरोप येऊ लागले, म्हणून बसलोय.

दाजीपूर. पहाटे फाटकावर पोचलो, वाटाड्या घेतला. पहिला तासभर नुसतं धुकं आणि पानांवरून ठिबकणारं पाणी. लेक कंटाळून फोन काढणार इतक्यात जीप थांबली. वाटाड्याने बोट तोंडावर ठेवलं. आधी वास आला, गोठ्याचा, पण जास्त उग्र. मग कारवीत एक काळा खडक होता तो हलला. एकटा नर. पाठ जीपच्या टपाला लागेल एवढी उंच, आणि गुडघ्याखाली चारही पायांत पांढरे मोजे. त्याने मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा चरायला लागला, जणू आम्ही त्याच्या दृष्टीने संपलो. आई माझ्या कानात म्हणाली, "आपल्या सर्जाचा आजा दिसतोय." सर्जा हा आमच्या गावाकडचा बैल, १९८८ साली विकला. तिला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी जवळच्या शिवगडावर गेलो. आई पायथ्याशी उगवाईच्या देवळात बसली. वरून फोंडा घाटाची वळणं आणि खाली पसरलेलं कोकण. "घाटवाट" हे नाव का घेतलंत ते तिथे कळलं.

उतरून विजयदुर्गाला जाण्याआधी खारेपाटणला मुद्दाम थांबलो. बायको म्हणाली, इथे बघण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, काहीच नाही, म्हणूनच थांबलोय. नदीकाठी जाऊन उभे राहिलो. दोन पोरं गळ टाकून बसली होती. इथे अरबांचा माल उतरायचा म्हणून सांगितलं तर लेकीने पाण्याकडे बघून विचारलं, "एवढ्या गाळात?" उत्तर मला देता आलं नाही. रात्री विजयदुर्गाच्या तटावरून खाडीचं तोंड बघताना तीच म्हणाली, म्हणजे इथून आत आलं की सकाळचं ते गाव. मी गप्प राहिलो, कारण मी बोललो असतो तर तिने हेडफोन लावले असते.

साहेबाच्या ओट्यांपाशी एक गृहस्थ आपल्या कुटुंबाला हेलियमची गोष्ट सांगत होते. लेकीने नळकांडी यांचा प्रतिसाद पाठ केला होता. मी तिचा दंड धरून पुढे नेली. त्यांची सुट्टी चांगली चालली होती.

मालवणात घोळ झाला. आधी पैसे भरून ठरवलेली खोली दुसऱ्याला देऊन टाकलेली. नाव लिहीत नाही. तासभर गाडीत बसून शेवटी एका मावशींच्या घरी दोन खोल्या मिळाल्या, आणि त्या जास्त चांगल्या निघाल्या. वायंगणकार, गाडी लावायला जागा मिळाली, पण गावाबाहेर. सत्कार अर्धाच करा. होडी सकाळची पहिली धरली. दरवाजा लेकीच्या आधी आईला दिसला. साखरबावीचं पाणी तिने ओंजळीत घेऊन चाखलं आणि म्हणाली, साखर नाही, पण मीठही नाही.

दूधसागरला आई आली नाही, कुळेलाच थांबली. आम्ही तिघं गेलो. ओढ्याचं पाणी जीपच्या दारातून खरंच आत येतं. केळबाई, माझे बूट अजून वाळतायत. धबधब्याच्या मधून आगगाडी गेली तेव्हा खालचे सगळे लोक एकदम ओरडले, मीही.

शेवटची सकाळ तांबडी सुर्ल्याची. साडेसातला आम्ही चौघं आणि झाडलोट करणारी एक बाई, बाकी कुणी नाही. शिखर अपुरं राहिलंय. मंडपातल्या नंदीला डोकं नाही. एका खांबाच्या तळाशी हत्ती घोड्याला पायाखाली घेतोय असं शिल्प आहे, बोटभर खोल. ते आईला दाखवत होतो, तर ती खाली बसून नंदीच्या पाठीवर हात फिरवत होती. मला वाटलं गुडघे दुखले. विचारलं, तर म्हणाली, "वशिंड बघ, ज्याने घडवला त्याने बैल पाळलेला होता."

-----

घाटवाट
रविवार, दुपारी १२:०२

वशिंडाकडे माझं कधी लक्ष गेलं नाही. चार वेळा गेलोय तिथे.

-----

केळबाई
रविवार, दुपारी १२:४०

आईंना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी नार्व्याला न्या, सप्तकोटीश्वराला. कदंबांचं कुलदैवत, देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा बांधवलं. पायऱ्या कमी आहेत.

-----

खडखडगाडी
रविवार, दुपारी १:१५

सगळं झकास, पण गव्याचा फोटो कुठाय?

-----

टीपकागद
रविवार, दुपारी १:२८

लेकीने काढला होता. कारवी स्पष्ट आलीय, गवा हललाय.